घरचं सगळं ठीक आहे

लातूरच्या ट्यूशन एरियात रात्री मेसमधून बाहेर पडलं की पोरं उभ्या दुचाकींवर टेकून घरी फोन लावतात. फोन दोन मिनिटांचा. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘चालू आहे. घरी?’ ‘घरचं सगळं ठीक आहे, तू टेन्शन घेऊ नको.’ लातूर आणि नांदेडमध्ये मुलांचं समुपदेशन करताना या शेवटच्या वाक्याचा मी धसकाच घेतलाय.

आमच्याकडे ताण मोजायची एक पट्टी असते. होम्स आणि राहे यांनी 1967 मध्ये 43 घटनांची यादी केली. जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण, बाकी सगळं त्याखाली. 1984 मध्ये गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी भारतीय प्रौढांसाठी 51 घटनांची यादी तयार केली. तीत ‘मुलगा नसणे’ हाही एक ताण आहे. (आपला समाज कळायला एवढी एक ओळ पुरे.) पण घटना घडली का, एवढंच पट्टी विचारते. घरातल्या लेकराला ती कुणी सांगितली, की कुणीच नाही, याला तिच्यात रकाना नाही.

कंधार तालुक्यातला एक मुलगा आला होता; ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा रिपीटर. तक्रार पोटात आग पडण्याची, झोप न लागण्याची. किशोरवयीन मुलं ‘मी उदास आहे’ म्हणून येत नाहीत, पोट धरून येतात. तिसऱ्या भेटीत कळलं, की पोळ्याला चुलतभावाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर गल्लीतली सगळी बैलं सजलेली होती. यांची जोडी नव्हती. ती विकूनच क्लासची फी भरली होती.

‘घरचे अजून काय काय लपवायलेत, हेच रात्रभर मोजायलो मॅडम,’ तो म्हणाला. सराव परीक्षेत 720 पैकी 380 पडत असताना हा स्वतः घरी 560 सांगत होता. बाप-लेक दोघंही एकमेकांना जपत होते आणि दोघंही एकटे होते.

मला अशा वेळी किल्लारीचा भूकंप आठवतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे 1,200 मुलांना भारतीय जैन संघटनेनं पुण्याजवळ वाघोलीला नेलं. त्यांच्यावर जे ओढवलं ते बैलजोडीच्या शेजारी ठेवताही येत नाही, आणि नुसतं सोबत राहून ते भरून येतं असंही मी म्हणणार नाही. पण काय झालंय हे तिथं कुणापासून लपवावं लागत नव्हतं. शेजारी झोपणाऱ्यालाही ते ठाऊक होतं.

मुलाच्या संमतीनं मी वडिलांना बोलावलं. ‘लेकराला कशाला सांगायचं? अभ्यास बुडंल की त्याचा,’ ते म्हणाले. बुडायचा तो आधीच बुडाला होता. त्या दुपारी त्यांनी बैलांची किंमत सांगितली, यानं खरे मार्क सांगितले. दोघांना टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर लिहून दिला, मी नसेन तेव्हासाठी. वडील बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘रात्री झोपतूस किती रे?’

त्या वर्षीही त्याचा नंबर लागला नाही. फोन मात्र लांबलेत. वडील आता सोयाबीनचा भावही सांगतात, पडला असला तरी.