नाव असलेला वारा

वाचकहो, ‘उद्या ईशान्येकडून मध्यम वारे वाहतील’ हे वाक्य आपण कितीदा ऐकले असेल आणि ऐकताच विसरलाही असाल! अनुवादकाच्या मेजावरून अशी वाक्ये रोज जातात. ती उतरवताना लेखणी क्षणभरही थबकत नाही. परंतु इंग्लंडच्या वायव्य भागात एक लहानसे खेडे असे आहे की तेथे या निरुपद्रवी वाक्याचा अर्थच पालटतो.

मिलबर्न हे त्या खेड्याचे नाव. कंब्रिया परगण्यात, ईडन नदीच्या खोऱ्यात, पेनाइन पर्वताच्या अगदी पायथ्याशी ते वसले आहे. मधोमध हिरवळ आणि तिच्याकडे तोंड करून, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे. स्कॉटलंडकडून येणाऱ्या लुटारूंपासून बचाव व्हावा म्हणून ही रचना झाली, असे सांगतात. लुटारू केव्हाच इतिहासजमा झाले. वारा मात्र अजून येतो.

गावामागे क्रॉस फेल हे ८९३ मीटर उंचीचे शिखर आहे. त्याचा पूर्वेकडील उतार मंद, पश्चिमेकडील उभा. ईशान्येचा गार वारा मंद उतारावरून सावकाश वर चढतो. माथ्याच्या थोडे वर उबदार हवेचा थर झाकणासारखा पसरलेला असला, म्हणजे हा वारा त्या दोहोंच्या बेचक्यात दाबला जातो आणि उभ्या उतारावरून घोंगावत खाली कोसळतो. त्या वेळी माथ्यावर पांढऱ्या ढगाची टोपी चढते. तिला तेथील लोक ‘हेल्म’ म्हणजे शिरस्त्राण म्हणतात, आणि वाऱ्यालाही तेच नाव पडले आहे. ब्रिटनमध्ये स्वतःचे नाव मिळवलेला हा एकच वारा, अशी त्याची ख्याती आहे.

खरे नवल पुढेच आहे. डोंगरापासून काही मैलांवर, त्याला समांतर, ढगाची दुसरी लांबच लांब वळकटी आकाशात उभी राहते. वारा तिच्यातून धावत असतो, ती मात्र जागची हलत नाही! पुरात धोंड्यावरून उसळून गेलेल्या पाण्याची लाट धोंड्याच्या पलीकडे एकाच जागी उभी राहिलेली आपण पाहिली असेल. तसाच हा प्रकार. त्या वळकटीखाली पोहोचताच वारा एकाएकी पडतो. पलीकडे तर कधी कधी उलट दिशेची झुळूकही लागते. म्हणजे गावात उभे राहवत नाही आणि तासाभराच्या वाटेवर पान हलत नाही. मग त्या तालुक्याचा अंदाज एका ओळीत कसा सांगावा?

गॉर्डन मॅन्ली या हवामानशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात शेजारच्या ग्रेट डन फेलच्या माथ्यावर लाकडी खोपट उभारून, थंडीवाऱ्याची पर्वा न करता नोंदी घेतल्या आणि या वाऱ्याचे कोडे बरेचसे उलगडले. असे चिवट लोक मला नेहमीच आवडतात. वृत्तपत्रांतून लोकांसाठी अंदाज देण्याची प्रथा ब्रिटनमध्ये अ‍ॅडमिरल फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये सुरू केली. आता गणकयंत्रे तो देश दीड किलोमीटरच्या चौकटींत विभागून गणिते करतात, त्यामुळे डोंगराचा उतारही हिशेबात धरला जातो. तरीही ढगाच्या टोपीकडे पाहण्याची पायथ्याची सवय जुनीच आहे, आणि तिला कारण आहे. हा वारा बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतात सुटतो आणि प्रसंगी दिवसचे दिवस टिकतो. मेंढ्या विण्याचा हंगामही तोच. नुकत्याच जन्मलेल्या ओल्या कोकराला अशा वाऱ्यात आडोसा मिळणे किंवा न मिळणे, हा जगण्यामरणाचा प्रश्न असतो.

आता या शब्दाला मराठीत काय म्हणावे? ‘शिरस्त्राण-वारा’ म्हटले तर तो वारा नाटकातल्या राजासारखा भासतो. आपल्या किनाऱ्यावरील नाखव्याला ‘मतलई’ आणि ‘खारे वारे’ कोणी शिकवावे लागत नाहीत. त्या शब्दांतच त्याची होडी कधी सोडावी आणि कधी परतावे हे आलेले असते. मिलबर्नच्या मेंढपाळाचा शब्दही तसाच त्याच्या गरजेतून आला आहे. म्हणून मी तो ‘हेल्म’ असाच ठेवला, आणि खाली दोन ओळींची टीप दिली.