झोपेने न उतरणारा
दम लागतो तो दोन मिनिटांत जातो, शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. ब्राह्मणपाऱ्यातून बारा वर्षे लांब पल्ल्याचे धावल्यावर मला जो थकवा आला, तो आठ महिने झोपूनही उतरलेला नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड, सगळे ठीक. अतिसरावाच्या थकव्यासाठी रक्ताची खात्रीची अशी एक तपासणी नाही. बाकीचे आजार वगळत जायचे आणि उरेल ते नाव लावायचे. (अनुवादात शब्द पुष्कळदा असाच सापडतो.) उपाय विश्रांती, किती दिवस, ते कोणी सांगत नाही. घरचे मनातून खूश आहेत, आता ही जरा घरी बसेल. सध्या बूढा तालाबाभोवती चालत एक फेरी मारते, घड्याळ घरी ठेवून. ओळखीचे धावणारे विचारतात, "क्या हुआ, दीदी?" मी म्हणते, "थकान." "तो आराम कर लीजिए," म्हणत ते पुढे निघून जातात.