पिकअप

'पिक अप' हे इंग्रजी शब्द आमच्या गोंदिया जिल्ह्यात शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक आहेत. एस.टी.ची वाट पाहायची ते पिकअप शेड. धानाची पोती ज्या गाडीतून राईस मिलला जातात ती पिकअप. जुनी मोटरसायकल चढावर दमली की मेकॅनिक सांगतो, हिच्यात पिकअप नाही राहिला. आम्ही इंग्रजीचे मास्तर, म्हणून आठवीच्या वर्गात हा धडा सोपा जाईल असं वाटलं होतं.

फळ्यावर अर्थ लिहीत गेलो. फोन घेणे. मुलाला शाळेतून आणणे. न शिकवता भाषा शिकणे, जशी आमच्या मोहल्ल्यातली पोरं शेजाऱ्यांकडून झाडीबोली शिकतात. मोहफुलं झाडाखालून वेचणे हेही पिक अपच. इंग्रजीचं एका शब्दात भागतं, आपल्याला वेचणं वेगळं आणि उचलणं वेगळं.

तशी आपली 'उचल'ही साधी नाही. सरकारी केंद्रावरचं धान मिलवाल्यांनी नेलं की उचल झाली. नाही नेलं आणि पाऊस आला, तर उघड्यावरची पोती भिजतात. मजुराने घेतलेली आगाऊ रक्कम हीही उचल. ती फिटेपर्यंत तो स्वतःचा नसतो. एका जमातीला तर 'उचल्या' हेच नाव चिकटलं. लक्ष्मण गायकवाडांच्या त्याच नावाच्या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण शब्दातला संशय काही गेला नाही.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, मामूले रात्री उचलून नेलं होतं, ते बी पिकअपच ना?"

वर्ग गप्प झाला. मामूचं वेल्डिंगचं दुकान होतं. चौकशीसाठी नेलं आणि तिसऱ्या दिवशी सोडलं. नावात घोळ झाला होता म्हणे. पण गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. इतरांचं काय सांगावं, आम्हीच दोन महिने त्या रस्त्याने सायकल नेली नव्हती. मशिदीत सलाम करायचो, पण चपला लवकर घालायचो.

"तो अर्थ परीक्षेला येत नाही," आम्ही म्हणालो.

घरी येऊन जाडा शब्दकोश काढला. धड्याच्या तयारीत आम्ही त्यात पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या. फोन, मूल, भाषा, सगळ्यांवर खुणा होत्या. त्यांच्याच खाली छापलं होतं, पोलिसांनी ताब्यात घेणे. त्यावर खूण नव्हती. बेगम म्हणाल्या, "पोराला हो म्हणायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी तो अर्थ फळ्यावर लिहिला. वाक्यात उपयोग करून दाखवायचा होता, पण वाक्य सुचेना. मुलांनाच घरून लिहून आणायला सांगितलं. त्या मुलाने फळ्यावरचं वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ ओढली.

संध्याकाळी आम्ही सायकल घेऊन मामूच्या दुकानी गेलो. कॅरिअर डुगडुगतं, म्हणालो. मामूने दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.

"सर, हे तं पक्कं आहे."

"तरी बघा एकदा," आम्ही म्हणालो आणि स्टुलावर बसलो.