एक पत्र, अनेक पत्ते

एकच निरोप पुष्कळांस पोहोंचविण्याची गरज मनुष्यास फार जुन्या काळापासून भासत आली आहे. आमच्या ब्रह्मपुरीच्या भागांत पूर्वीं कोतवाल दवंडी पिटीत असे. दवंडीस पत्ता लागत नाहीं. जो गांवांत असेल तो ऐकतो. परंतु जो गांव सोडून गेला, त्याच्या कानीं ती कशी पडावी? आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी नागपूर, पुणें, मुंबई अशा दूरदूरच्या शहरीं पांगले आहेत. १९७१ मध्यें रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडिलें, तेव्हांपासून ही अडचण दूर होऊं लागली. यंदा स्नेहसंमेलनाचीं निमंत्रणें धाडण्याचें काम आम्हां विद्यार्थ्यांकडे आलें, व त्या निमित्तानें ई-मेलमधील समूहयादी करण्याची विद्या आम्हीं शिकलों.

ती मुळींच अवघड नाहीं. जीमेलमधील संपर्कांचें पान उघडावें, एक लेबल निर्माण करून त्यास नांव द्यावें आणि हवे ते पत्ते निवडून त्यांस तें लावावें. आम्हीं शाळा सोडल्याच्या वर्षाप्रमाणें निरनिराळीं लेबलें केलीं. पुढें पत्र लिहितांना पत्त्याच्या जागीं लेबलाचें नांव लिहिलें, कीं सर्व पत्ते आपोआप भरले जातात. कोणाचा पत्ता बदलल्यास तो एकाच ठिकाणीं दुरुस्त करावा लागतो.

खरा विचार करावा लागतो तो पुढेंच. 'टू' व 'सीसी' या रकान्यांतील पत्ते प्रत्येकास दिसतात. 'बीसीसी'तील पत्ते इतरांस दिसत नाहींत. हीं नांवें टंकलेखनयंत्राच्या काळांतील आहेत. कार्बनचा कागद घालून काढलेली नक्कल ती सीसी, आणि इतरांस न कळतां धाडलेली ती बीसीसी. आमच्यापैकीं कांहींचें म्हणणें पडलें कीं, पत्ते सर्वांस दिसूं द्यावे, म्हणजे जुने सोबती एकमेकांस सांपडतील. हें म्हणणें आम्हांस गोड वाटलें. परंतु एका माजी विद्यार्थिनीनें पत्ता देतांना, तो इतर कोणास कळूं नये, अशी अट घातली होती. कारण तिनें सांगितलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं. विश्वासानें दिलेला पत्ता ही ठेवच होय. म्हणून सर्व पत्ते बीसीसींत घातले, आणि ज्यांस आपला पत्ता सोबत्यांस कळवावयाचा असेल त्यांनीं तसें लिहावें, अशी ओळ पत्रांत जोडली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. यादींत ज्याचें नांव नाहीं, त्याची आठवण यंत्र देत नाहीं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस महापूर आला, तेव्हां आमच्या तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं. अशा प्रसंगीं निरोप वेळेवर पोहोंचण्यावर माणसांचे व गुरांचे प्राण अवलंबून असतात. शाळेची जुनी नोंदवही चाळतां, त्याच गांवांतील, परंतु ई-मेल नसलेले पुष्कळ माजी विद्यार्थी आम्हांस आढळले. त्यांची निराळी यादी कागदावर केली, आणि रविवारीं सायकलींवरून त्यांचीं निमंत्रणें घरोघर नेऊन दिलीं.

वाचकहो, आपणही अशी समूहयादी अवश्य करावी. मात्र पत्र धाडण्यापूर्वीं, या यादींतून कोण सुटलें, एवढें एकदां पाहावें, इतकीच आमची विनंती आहे.