भिंतीवरच्या रेघा

ज्याने उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरात घालवली, त्याला शेरा मारला की प्रकरण निकाली निघाले असे मानण्याची खोड जडते; आणि नांदेडच्या घरी ओल्या शहाबादी फरशीवर पाय घसरून माझ्या उजव्या दंडाचे हाड खांद्यालगत मोडले, तेव्हा याच खोडीने माझा घात केला. तीन आठवड्यांनी हात हळूहळू हलवायला लागा, अशी डॉक्टरांची स्पष्ट ताकीद असतानाही वेदनेच्या भयाने मी तो आणखी महिनाभर गळ्यातल्या झोळीत जपून ठेवला. क्ष-किरण चित्रात हाड उत्तम सांधलेले दिसले; सदऱ्याच्या बाहीत मात्र हात जाईना.

मुलीने मला आपल्या घरी लातूरला नेले. तेथील फिजिओथेरपीच्या बाई वयाने माझ्या मुलीहूनही लहान. त्यांनी कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ शोभेल असे एक साधन खांद्याशी धरले आणि वहीत आकडा मांडला : 70 अंश. निरोगी हात 180 अंशांच्या आसपास वर जातो. सांधा निश्चल ठेवला की त्याभोवतीचे आवरण आकसते, स्नायू रोडावतात, आणि मधुमेह असल्यास (तो मला आहेच) हा ताठरपणा अधिकच हट्टी होतो, हे त्यांनी शांतपणे समजावले.

आपण पडून राहावे आणि यंत्राने काय ते करावे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात शेक घटकाभराचा, बाकी सारी मेहनत माझी. कमरेत वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलवायचा. मग भिंतीपुढे उभे राहून बोटांनी, कोळी चढावा तसे, वर सरकायचे आणि पोहोचेल तेथे पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालायची. "काका, खांदा नका उचलू, हात उचला," असे बाई दर खेपेस बजावत. कारण देह मोठा लबाड, हाताचे काम खांदा उडवून भागवू पाहतो. दुखण्याचाही त्यांनी एक न्याय लावून दिला होता : व्यायामानंतर थोड्या वेळात ओसरते ते सोसावे, रात्रभर ठणकते तर दुसऱ्या दिवशी मेहनत उतरवावी. कित्येकदा आठवडाभरात रेघ बोटभरही वर सरकत नसे.

अशाच एका दुपारी भिंतीपाशी मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हादरली आणि माळवदांच्या दगडमातीखाली हजारो माणसे गाडली गेली, तेव्हा मी औसा तहसिलीत अव्वल कारकून होतो. मृत, जखमी, पडझड, असे रकाने भरता भरता बोटे आखडत. काही महिन्यांनी तात्पुरत्या पत्र्याच्या शेडीपुढे एक बाई ज्वारी निवडताना दिसल्या. मोडलेला पाय जुळला होता, पण गुडघा वाकत नसल्याने तो लाकडासारखा पुढे पसरलेला. त्यांच्या नावापुढे मिसलीत 'उपचार पूर्ण' असा शेरा होता, आणि हस्ताक्षर माझे होते.

माझा हात चार महिन्यांत 150 अंशांवर आला. उरलेले 30 काही मिळाले नाहीत. सदरा मी आपला आपण घालतो. नांदेडच्या घरी माळ्यावरचा डबा मात्र अजून सून काढून देते.