कपाळावरची पागोळी

उन्हाळ्यात सायकलवर घाम येतो तो थांबल्यावर. चालत्या सायकलीला त्याची खबरच नसते. देहूरोड मागे पडलं, शेलारवाडीची झाडं सरली, जुन्या मुंबई रस्त्याचा चढ मांड्यांना कळू लागला, श्वासाला लय सापडली, की ऊन, डांबर, ट्रकचा धूर, कुठल्याशा कुंपणाआडून येणारा कडुनिंबाच्या मोहराचा कडसर-गोड वास असं सगळं एकाच वाऱ्यात मिसळून अंगावरून वाहत राहतं, रुळांवरून लोणावळ्याची लोकल आपल्याला मागे टाकून घोरावाडीत क्षणभर टेकते आणि पुन्हा निघते, आणि आपल्याला डोकं आहे हे आपण विसरूनच जातो. मग सोमाटणे फाट्याच्या गर्दीत एखाद्या टेम्पोमागे पाय टेकावा लागतो. वारा पडतो. पळभर काहीच होत नाही.

मग तो फुटतो.

टाळूवर कुठेतरी उगम असतो त्याचा. केसांच्या मुळांतून वाट काढत, वेणीच्या पेडांत शिरत, एक धार कानामागून मानेत उतरते, दुसरी कपाळावर येऊन थबकते. भुवया तिला धरून ठेवतात, धरून ठेवतात, आणि एका क्षणी हात सोडून देतात. सनस्क्रीन आणि मीठ एकदमच डोळ्यांत उतरतं. समोरच्या टेम्पोवरची अक्षरं विरघळतात, सिग्नलचा लाल ठिपका पसरून अख्खं आकाश तांबडं होतं, एक डोळा गच्च मिटलेला, दुसरा अर्धा, मागून हॉर्न, आणि त्या अर्ध्या आंधळेपणात मला नेहमी वाटतं की हे माझ्याच आतलं पाणी आहे, घाट चढताना माझ्याच रक्तातून गाळून निघालेलं, तरी किती परक्यासारखं झोंबतं.

माणसाच्या अंगावर घामाच्या ग्रंथी वीस ते चाळीस लाख. कपाळावर त्यांची दाटी मोठी. पण त्यांचं सगळं देणं वाऱ्याच्या भरवशावर असतं. एक लिटर घाम पुरता वाळला तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपकून धुळीत पडला तर जवळजवळ रिकाम्या हाताने जातो. म्हणजे जो घाम दिसतो, ज्याला आपण वैतागतो, पुसतो, झटकतो, तो वाया गेलेला. खरं काम केलं त्या घामाने, जो चढभर येत होता आणि येता येताच उडून जात होता. त्याला कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

हे मला पुस्तकातून कळण्याच्या फार आधी तात्यांनी सांगितलं होतं, त्यांच्या पद्धतीने. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मावळातल्या कितीतरी घरांतून एखादा तरी माणूस मुंबईला डबे पोचवायला गेलेला असायचा, तसे आमच्या घरातून ते गेले. 1890च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ज्या कामाची घडी बसवली, त्या कामात आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुरली. चैत्रात गावोगावच्या जत्रांसाठी मुंबईतले डबे काही दिवस बंद राहात आणि तात्या घरी येत. पिशवीत काकूसाठी बांगड्या, आम्हा पोरांना गोळ्या, आणि तळाशी घडी घातलेल्या त्यांच्या पांढऱ्या टोप्या.

त्या टोप्यांचा वास मला अजून ओळखता येईल. साबण, नीळ, आणि त्या दोन्हींना पुरून उरलेलं एक आंबूस मीठ. कडेच्या पट्टीला आतून पिवळट वलयं, जुन्यावर नवं, नव्यावर आणखी नवं. काकू ती पट्टी दगडावर घासघासून काढायची, निळीच्या पाण्यात बुचकळून टोप्या दोरीवर ओळीने वाळत घालायची, आणि ऊन लागलं की त्या इतक्या लखलखीत पांढऱ्या दिसत की जणू कुणाच्या डोक्यावर कधी चढल्याच नाहीत. पण वलयं जात नसत. फिकी होत, एवढंच.

लोकलच्या डब्यातून उतरवलेली, टिफिनांनी भरलेली लांबलचक लाकडी पाटी डोक्यावर, पाटीखाली टोपी. आणि पुढे सायकल, तिच्या हँडलला दोन्हीकडे डबेच डबे लटकलेले. मुंबईची हवा आधीच पाण्याने भरलेली, ती घाम घेणार कुठे? तिथे टोपी गारवा देत नाही, ती फक्त बांध घालते. टोपी नसली तर दंड पडायचा, असं तात्या सांगत. कौतुकाने की तक्रारीने, ते त्यांच्या आवाजावरून कधी उमगलं नाही. डबा वेळेवर गेला पाहिजे, डोळे उघडे राहिले पाहिजेत. बाकीचं टोपी बघून घेई.

एकदा जत्रेच्या दिवसांत त्यांची सायकल मी रेटत रेटत स्टेशनापर्यंत नेली आणि परत आणली. दारात येऊन ओढणीने कपाळ खसाखसा पुसायला लागले तर ओसरीवरून तात्या म्हणाले, "पुसती कशाला गं? वाळू दे की." मी तशीच उभी राहिले. अंगणात वारा होता. आधी कपाळ चुरचुरलं, मग भुवयांच्या वर एक गार रेघ उमटली, मग ती रेघ केसांत शिरली आणि डोक्याला आतून कुणी फुंकर घालावी तसं झालं. मी काही बोलले नाही. तेही नाही.

आता हेल्मेट असतं. जाहिरातींत त्याची भोकं मोजून दाखवतात. ती भोकं धावत्या वाऱ्यासाठी असतात आणि घाम येतो थांबल्यावर, हे जाहिरात सांगत नाही. कपाळाशी टेकणारी आतली गादी चढभर पाणी पिऊन बसते, आणि मान खाली घालून बाटली काढायला जावं तर सगळं एकदम सोडते: कौलांच्या वळचणीवरून ओघळावी तशी पागोळी, थेट चष्म्यावर. म्हणून थांबा दिसायला लागला की चाल सुटायच्या आधीच मी हेल्मेट तळव्याने कपाळावर दाबून गादी पिळून घेते. धार गालांवरून, कानांपाशी, जाईल तिकडे जाते, वारा अजून अंगावर असतो, काही तो नेतो. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी, पुढे इवलासा छज्जा असलेली. थेंब छज्ज्याच्या टोकाला येऊन डोळ्यांपासून दूर पडतो. नसली तर जुन्या पंच्याची पट्टी. पंचा जितका जुना, जितका विरलेला, तितका बरा. नवा तर घाम घ्यायलाच तयार नसतो. कपाळावर मध्येच रबराची कड असलेल्या पट्ट्याही मिळतात, घाम अडवून कानशिलांकडे वळवणाऱ्या. चांगल्या आहेत. पण पंच्याला जो वास धरतो तो त्यांना धरत नाही, आणि मला बहुधा तो वास हवा असतो.

चैत्रातला घाम आणि वैशाख सरतानाचा घाम वेगळे. चैत्र कोरडा. तेव्हा घाम येतो की नाही असा प्रश्न पडावा इतका तो चटकन जातो आणि टोपीवर नुसत्या पांढऱ्या रेघा ठेवून जातो. ओठांवर जीभ फिरवली की कळतं किती गेलं ते. मग लिंबू, मीठ, साखर, नाहीतर कोकमाचं आंबट-गडद पाणी. पुढे करवंदं काळी पडू लागतात, दुपारनंतर घाटाकडून ओल घेऊन पश्चिमेचा वारा यायला लागतो, ढग कड्यांवर रेंगाळतात पण पडत नाहीत. त्या दिवसांत घाम कपाळावर बसून राहतो. वाऱ्याचेच हात भरलेले असतात. तेव्हा पहाटेच, झुंजुमुंजू असताना निघायचं, आणि चढावर कुणी पुढे गेलं तर जाऊ द्यायचं.

घोरावडेश्वराच्या पायथ्याशी सायकल लावून कधीकधी वर चढते. पायऱ्या उंच, ऊन तिरपं, सायकलीवरचा वारा नाही. इथे घाम फसवत नाही, पायरीगणिक हजेरी देतो. आणि मग लेण्याच्या सावलीत पाऊल पडतं. दगडाची गार, जुनी, ओलसर हवा ओल्या केसांवर अशी येते की टाळूपासून टाचेपर्यंत एक शिरशिरी धावते. आत महादेवाची पिंड. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी वटवाघळांचा वास, आणि शांतता. मुळात हे बौद्ध लेणं. इथल्या ब्राह्मी लेखात दान देणारीचं नाव आहे: धेनुकाकट गावचा नांगरधारी उसभणक, त्याची बायको सियगुतणिका, आणि सोबत तिचा मुलगा. राजा नव्हे, सार्थवाह नव्हे. नांगरटीचं घर.

मी त्या भिंतीपाशी उभी राहते तेव्हा माझ्या हनुवटीवरून थेंब पडत असतात, आणि मला तिचा पदर दिसतो, किंवा त्या काळी जे काही ती डोक्यावर घेत असेल ते. उन्हाळी नांगरट. दुपारची भाकरी घेऊन बांधावर आलेली ती, बैलांच्या मागे तो, त्याच्या कपाळावर बांधलेलं कसलंसं फडकं. ढेकळं फुटताना उडणारी धूळ घामावर बसून चिखल होतो आणि तो चिखल डोळ्यांत जातो, हे तिने पाहिलेलं असणार. त्या धान्याच्या पैशातून तिने डोंगरात सावली कोरून घेतली, कुणा अनोळखी भिक्षूंसाठी. ज्यांचं डोकं मुंडण केलेलं. त्यांच्या कपाळावर काहीच अडत नसेल.

खालून लोकलची शिट्टी येते. दूरवर दोन्ही रस्ते दिसतात, जुना आणि द्रुतगती, दोन्ही उन्हाने वितळल्यासारखे हलणारे. केस मोकळे करून दोन्ही हातांनी झटकते, वाऱ्यात धरते, पुन्हा घट्ट वेणी घालते. टोपी पिळते, दगडावर पडलेलं पाणी बघता बघता आक्रसत जातं.

पायथ्याशी सरबतवाली बाई बर्फ फोडत बसलेली असते. ती माझ्याकडे पाहून न विचारताच ग्लासात मिठाची आणखी चिमूट टाकते. "डोकं भिजवून देऊ का, ताई?" म्हणते, आणि उत्तराची वाट न पाहता माठातला तांब्या माझ्या टोपीवर उपडा करते. टोपी थंडगार, जड. तशीच डोक्यावर घालते, वर हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली. वडगावपर्यंत तरी पुरेल.