बागेआधी डोंगर

श्रावण सरता सरता सह्याद्रीतल्या एखाद्या सड्यावर जावं आणि चक्क मांडी घालून बसावं. उभ्यानं दिसत नाही असं तिथे पुष्कळ असतं. जांभ्याच्या कातळात वीतभर खळगा, त्यात बोटभर पाणी, कडेला चिमूटभर माती. एवढ्याशा भांडवलावर ओल्या कडेनं सीतेची आसवं निळीजांभळी उभी असतात, त्यांच्या आसपास गेंदाची पांढरी बोंडं डुलत असतात आणि माती जरा खोल झाली की तिथून तेरड्याचा गुलाबी पट्टा सुरू होतो. कुणी कुठे थांबायचं, हे पाणी आणि माती यांनी आपसांत ठरवलेलं. मधला कातळ तसाच उघडा. तो उघडा आहे म्हणून तर फुलं डोळ्यांत भरतात. मोजक्या जाती, त्याही घोळक्यानं, आणि भोवती मोकळी जागा: बाग आखायला बसलेल्यानं हा धडा आधी गिरवावा.

हल्ली बागेची सुरुवात फोटोंपासून होते. कुणाला बालीसारखी बाग हवी असते, कुणाला इंग्लंडातल्यासारखी हिरवळ. मग खाली कार्पेट लॉन, कुंपणाला लागून फॉक्सटेल पामची रांग, फाटकाशी दोन सायकस. गाव नागपूर असो की नाशिक, बाग तीच. वैशाखात टँकर मागवून ती हिरवळ जगवताना पाहिली की वाईट वाटतं. दूरच्या बागेचं रूप फोटोतून येतं. ते रूप घडवणारा पाऊस, माती, ऊन मात्र तिकडेच राहतं.

रॉबेर्तो बुर्ले मार्क्स हा ब्राझीलचा थोर उद्यानरचनाकार. 1928 च्या सुमारास, विशीही न ओलांडलेला असताना, तो घरच्यांबरोबर बर्लिनला गेला होता. ओढा चित्रकलेकडे. तिथल्या डालेमच्या वनस्पती उद्यानात रेखाटनं करायला गेला, तर काचघरात, ऊब देऊन जपलेली झाडं त्याच्याच देशातली निघाली. मायदेशी त्या काळी बागा युरोपच्या वळणावर आखल्या जात आणि ही झाडं रानटी म्हणून बाहेरच राहत. स्वतःच्या रानाची श्रीमंती त्याला समुद्रापलीकडे जाऊन कळली. परतल्यावर 1930 च्या दशकात त्यानं रेसिफे शहरातल्या एका चौकात कोरड्या मुलखातले निवडुंग मानानं लावले. पुढे आयुष्यभर तो रानोमाळ हिंडून झाडं ओळखत, जमवत राहिला. रिओजवळच्या त्याच्या बागेत साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि 2021 साली युनेस्कोनं तिला जागतिक वारसास्थळाचा मान दिला.

आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही. कोकणातलं आगर बघा. सगळ्यांत वर माडांच्या झावळ्या, त्याखाली पोफळी, पोफळीच्या अंगावर चढलेला मिरवेल, सावलीत जायफळ आणि केळी, अगदी तळाशी अननस. प्रत्येकानं आपापल्या वाटणीचं ऊन घेतलेलं. न्हाणीघरातून निघालेलं पाणी वाया जात नाही. ते अळवाला आणि केळींना मिळतं. हद्दीला जांभ्याचा गडगा, आणि पाऊस लागला की त्याच्या सांदीसांदीतून नेचे बाहेर येतात. हे कुणी कागदावर आखलं नाही. उतार कुठला, पाणी कुठे जिरतं, ऊन कुठून येतं, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहून ते बसत गेलं. म्हणूनच तिथलं काही उपरं वाटत नाही.

डोंगर आणखी एक गोष्ट शिकवतो, ती काळाची. फोटोतली बाग एकाच दिवसाची असते; खरी बाग बारा महिन्यांची. माघात पानं झाडून बसलेली काटेसावर लाल फुलांनी भरते आणि मैनांची तिथे झुंबड उडते. फाल्गुन पळसाचा. चैत्रात कुसुंब अशी तांबडी पालवी धरतो की फुलांची आठवण होऊ नये. वैशाखात बहावा सोन्याचे घोस सोडतो, कुडा पांढराशुभ्र होतो, आणि ओढ्याकाठचा ताम्हण, आपलं राज्यपुष्प, जांभळ्या तुऱ्यांनी नटतो. पावसात तेरडा आणि कळलावी, मग सोनकीचं पिवळं, आणि कार्तिकात वाळलेल्या गवताचा सोनेरी रंग. त्या वाळलेल्या गवतालाही बागेत जागा हवी, कारण सदा हिरवं राहणं हा आपल्या मातीचा स्वभावच नाही. शिशिरातली पानगळ मान्य केली, तरच चैत्रपालवीचं सुख.

तेव्हा बाग करायची असेल तर वर्षभर आधी नुसतं पाहावं. आपल्या जागेत पाणी कुठे तुंबतं, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर तापतं, पावसाळी वारा कुठून झोडपतो. मग जवळची तशाच मातीची टेकडी, ओढा, देवराई गाठावी आणि तिथे काय आपसूक वाढतंय ते टिपून घ्यावं. उपटून मात्र काही आणू नये. सड्यावरचं रोप त्या कातळाशिवाय जगत नाही, आणि देवराईतली काडी न मोडण्याचा जुना दंडक आजही तितकाच मोलाचा आहे. आणायची ती तिथली मांडणी. ताम्हण, बहावा, कुडा यांची रोपं देशी झाडांच्या रोपवाटिकेत मिळतात.

अशा बागेला पाणी कमी लागतं, फुलपाखरं न बोलावता येतात, हे फायदे आहेतच. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की तिच्यात वाढणाऱ्या मुलांना आपला मुलूख ओळखू येईल. ती मुलं मोठी होऊन घाटात जातील तेव्हा बहाव्याला नावानं हाक मारतील, आणि नावानं ओळखलेलं झाड तोडताना पाहून गप्प बसणं त्यांना जड जाईल.